उपास करणारी गाडी

"पोरी, बाबांना एकदा येऊन बघून जा. हल्ली सकाळी डोकं धरून बसतात." मंगळवारी मिस्त्रीकाकांचा फोन आला, तेव्हा ती छकुलीच्या बाटलीतलं दूध मनगटावर टाकून किती गरम आहे ते बघत होती.

"काका, चष्म्याचा नंबर वाढला असेल."

"मळमळतंही म्हणतात. त्या पेट्रोल वाचवायची पेटी विकणाऱ्याने सांगितलंय म्हणून काचा लावून गाडीत बसतात, इंजिन चालू ठेवून. मला गाडीला हात लावू देत नाहीत गं."

"एकतीस वर्षं बस चालवलीय बाबांनी. गाडीतलं त्यांना कोण शिकवणार? रविवारी येतेच आहे मी, तेव्हा बघते."

मिस्त्रीकाका म्हणजे बाबांच्या गल्लीतले गॅरेजवाले. उगाच फोन करणारा माणूस नव्हे. पण लेकीला दोन शिंका आल्या तरी डॉक्टरांच्या दारात उभी राहणारी ही बाई, बापाची डोकेदुखी मात्र तिने चष्म्यावर ढकलून दिली.

रविवारचं जाणं ठरलं होतं ते बाबांच्याच आग्रहाने. ती आणि तिचा नवरा हायब्रिड गाडी घ्यायच्या विचारात होते. दोन महिने शोरूम पालथी घालून तिने कुठली गाडी लिटरला किती पळते याची वही भरली होती. बाबा फोनवर हसले होते. "वही मिटा आणि आमच्या मैदानावर या. पेटी बसवली की जुनीच गाडी उपास करायला शिकते!"

मैदानावर ही गर्दी! टॅक्सीवाले, टेम्पोवाले, निवृत्त कारकून, सगळे उन्हात टाचा उंचावून उभे. मधोमध एक फिकट रंगाची गाडी आणि तिच्या बॉनेटवर हात ठेवलेले ऊर्जागुरू. अंगात पांढरा कोट, हातात माइक, आवाज तुपात तळलेला.

"इंजिन म्हणजे जीव! तुम्ही त्याला दिवसभर चारता, म्हणून तो सुस्तावलाय. माझी पेटी त्याला संयम शिकवते. रोज वीस मिनिटं काचा बंद करा, इंजिन चालू ठेवा आणि आत शांत बसा. तुमचा श्वास गाडी घेईल, गाडीचं तेज तुम्ही घ्याल!"

तिने बाबांना फोन लावला. "कुठे आहात?"

"गाडीतली बैठक उरकून येतो. तुम्ही पुढे जागा धरा. आणि छकुलीला टोपी घाल, ऊन आहे."

तेवढ्यात गुरू गाडीत बसले. पेट्रोलचा काटा तळाला टेकलेला सगळ्यांना दाखवला आणि गाडी निघाली. घरघर नाही, धूर नाही. मांजराच्या पावलांनी मैदानाला एक फेरी मारून ती परत येऊन थांबली.

"काय ऐकू आलं?"

"काहीच नाही!" दोनशे गळे ओरडले.

"तेच तर ऐकायचं होतं!"

टाळ्या पडल्या. एका म्हातारीने चाकाला हात लावून तो डोळ्यांना लावला. बाबांच्या लेकीचेही हात टाळीसाठी जुळले. मग कुणीतरी गाडीचं मागचं दार उघडलं आणि सीटच्या कडेची जाळी तिच्या नजरेस पडली. हाताच्या पंजाएवढी, काळी.

ती जाळी तिला पाठ होती. छकुलीची खुर्ची तिथेच बसणार होती ना! शोरूममधल्या पोरीने बजावलं होतं, "मॅडम, इथे दुपटं टाकू नका. आतली बॅटरी इथून हवा घेते."

छकुलीला नवऱ्याकडे देऊन ती पुढे झाली. डिकीवर नाव खरवडून काढल्याचे डिंकाचे डाग होते.

"गुरुजी, एकच फेरी का? अजून चार मारा की."

"ताई, तेजाची परीक्षा घेऊ नये."

"परीक्षा कसली? कौतुक आहे. मारा ना!"

"मारा, मारा!" टॅक्सीवाल्यांना तेच हवं होतं. गुरूंचा नाइलाज झाला. दुसरी फेरी गुपचूप झाली. तिसरीला चढावाशी "घर्रर्र" करून इंजिन जागं झालं आणि मागून धूर निघाला.

"गुरुजी, उपास सुटला वाटतं!" एक टेम्पोवाला ओरडला आणि मैदान हसून लोळायला लागलं.

तिने माइक घेतला. "ही हायब्रिड गाडी आहे. कारखान्यातून अशीच येते. हळू चालवली की थोडं अंतर बॅटरीवर जाते, म्हणून आवाज नाही. बॅटरी उतरली किंवा चढ आला की इंजिन आपोआप सुरू होतं. काटा तळाला टेकला तरी टाकीत काही लिटर उरतंच. जी पेटी तुम्हाला विकतात, ती या गाडीला लावलेलीच नाही. वाकून बघा!"

लोक वाकले. पेटी नव्हती. कुणी गुरूंची कॉलर धरली, कुणी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. तिला त्या टाळ्या आवडल्या. ती आणखी पाच-सात मिनिटं बोलली. हे तिने पुढे कुणापासून लपवलं नाही.

मग गर्दी कापत मिस्त्रीकाका आले. त्यांच्या मुठीतून रक्त गळत होतं, बाहीला काचेचा चुरा चिकटला होता.

"गाडीची काच फोडली मी," ते म्हणाले. "पोरी, उशीर झाला गं."

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला बाकावर बसवून समजावलं. इंजिनच्या धुरात एक विषारी वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग माणूस बसल्या जागी झोपतो, तो उठत नाही. बाबा तसेच गेले होते.

काकांनी बाबांच्या गाडीची पेटी फोडली. आत वाळू, दोन लोहचुंबकं आणि एक निळा दिवा. ती सायलेन्सरच्या तोंडावर घट्ट बसवली होती. कोंडलेला धूर गंजलेल्या सांध्यातून आणि तळाच्या भोकांतून गाडीत चढत होता. काचा उघड्या असत्या तर निदान हवा खेळली असती.

"बाबांना कळलं नाही? एवढं गाडीतलं कळणाऱ्या माणसाला?"

काकांनी हातातलं लोहचुंबक खाली ठेवलं. "मी भांडलो होतो. म्हणाले, 'पोरगी म्हणते दर रविवारी कशाला येता, पेट्रोल किती जातं. फुकटात जाता आलं तर ती काय बोलणार?'"

ती म्हणाली होती खरी तसं. पेट्रोलचं निमित्त होतं. रात्रभर जागल्यावर रविवारी तिला झोपायचं होतं, पाहुणा नको होता. "थकलेय बाबा" एवढं म्हणाली असती तर ते बाळाला फिरवून आणून निघून गेले असते.

पोलिसांनी गुरूंना नेलं, गाडी जप्त केली. गल्लीतल्या सात गाड्यांच्या पेट्या काकांनी दोन दिवसांत उतरवल्या. सात मालकांपैकी तिघांचं डोकं दुखत होतं. तिघांनीही घरी सांगितलं नव्हतं.

ती आता भेटेल त्याला सांगते, बंद गाडीत इंजिन चालू ठेवून बसू नका. फुकट पळणारी गाडी कुणी दाखवली तर अजून चार फेऱ्या मारायला लावा, नि बॉनेट उघडायला सांगा. ठकसेन हुशार नसतो, आपली गरज त्याला आपल्याआधी कळलेली असते. आणि ही गोष्ट वाचताना तुम्हाला तुमच्या घरातलं एखादं एकटं माणूस आठवलं असेल, तर तिचं एवढं ऐका. फोनवर "बरा आहे" म्हणतील, त्यावर जाऊ नका. आज त्यांच्या घरी जा, शेजारी बसा आणि विचारा, नवीन काय घेतलंत, कुणी दिलं, आणि ते नेमकं कशासाठी हवं होतं.