धान्य म्हणजे धान्य

मैत्रीला भाष्यकार मंडळींची शिसारी होती आणि ती तिनं मेहनतीनं कमावली होती. ऐरोलीच्या एका कंपनीत ती यंत्रांची चिनी माहितीपत्रकं मराठीत आणायची. उरलेल्या वेळात, कैक वर्षं खपून, तिनं एका चिनी साधूची चिमुकली पोथी मुळातून मराठीत आणली. पोथीचं पहिलंच वाक्य होतं, 'धान्य सोड, वारा गिळ.' साधू डोंगरात राहायचा, खरंच धान्य खायचा नाही आणि श्वास कोंडून बसायचा. एवढंच.

पण पुढं आलेल्यांचं एवढ्यानं भागेना. दरबारी चिनी पंडितानं लिहिलं, धान्य म्हणजे लोभ. पोट सुटलेल्या राजाला उपास कोण सांगणार? युरोपातून चीनला गेलेल्या पाद्र्याला त्या वाऱ्यात पवित्र आत्मा सापडला. नंतरच्या एका जर्मन मानसतज्ज्ञाला चिनी अक्षरही ओळखता येत नव्हतं. त्यानं पाद्र्याचं भाषांतर वाचून ठरवलं, वारा म्हणजे नेणीव. जो तो पोथीत आपलंच तोंड बघून खूश झाला. उपाशी साधूजवळ घटकाभर बसायची कुणाचीच तयारी नव्हती.

प्रकाशक कृष्णात यांनी पुस्तक स्वीकारलं, पण म्हणाले, "मॅडम, नुसती पोथी कोण घेणार? उदयसिंह सरांचं भाष्य जोडू."

उदयसिंह सर निवृत्त प्राध्यापक. आता कंपन्यांमधून मनःशांतीवर व्याख्यानं द्यायचे. चिनी म्हणून त्यांना फक्त चायनीज भेळ माहीत होती.

वाशीच्या प्रकाशन समारंभात सर रंगात आले. "धान्य म्हणजे आपला मोबाइल. दिवसभर आपण नोटिफिकेशनचे दाणे टिपतो. आणि वारा साधा नाही, तर 'स्वर्गीय वारा'. या एका शब्दावर मी अख्खं प्रकरण लिहिलंय."

मैत्रीची पाळी आली तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "सर, 'स्वर्गीय' हा शब्द मुळात नाही. तो पाद्र्यानं पदरचा घातलाय."

सर प्रेमळ हसले. "मुळात नाही, म्हणूनच तर तो गूढ आहे."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांनी हात जोडले.

आवृत्ती बघता बघता संपली. मैत्री कृष्णात यांच्याकडे गेली आणि म्हणाली, "सरांचं भाष्य राहणार असेल, तर पुढच्या आवृत्तीत माझं भाषांतर नको." ते गयावया करतील असं तिला वाटलं होतं. त्यांचा चेहरा तर उजळला. "चालेल की. पानंही कमी होतील."

नवी आवृत्ती नुसत्या भाष्याची निघाली आणि जास्त खपली. पोथी कुठं गेली, असं कुणीही विचारलं नाही. उलट एका तरुण अभ्यासकानं सरांच्या भाष्यावर भाष्य लिहायला घेतल्याचं जाहीर केलं.

एका रविवारी शिरवण्याच्या घरी तिचे वडील, गंगाराम, चष्मा लावून तेच पुस्तक वाचत बसलेले तिला दिसले. ते मराठवाड्यातून इकडं कारखान्यात आले होते आणि इथंच निवृत्त झाले.

"बाबा, यात पोथीच नाही."

"नसू दे. तुझी वाचली की मी."

"मग?"

"उपाशी मानूस दिसला त्यात. दुष्काळात आमी गावाकडं तसे लई पाहिले. ते पुन्हा कशाला वाचायचं? हे वाचून जरा बरं वाटतं."

मैत्री त्यांच्यासमोर बसून राहिली. पंडित, पाद्री, मानसतज्ज्ञ आणि सर, कुणालाच न दिसलेला साधू बाबांना दिसला होता, आणि त्यांना तो नको होता.

सरांविषयीची तिची तुच्छता तसूभरही कमी झाली नाही. पण बाबांच्या हातातलं पुस्तक तिनं काढून घेतलं नाही.