कानानं लावलेली गाडी

"अवं, ह्ये काय वाजतंय?" बद्रुन्निसानं विचारलं.

"कुठं काय?"

"बारीक बारीक. कढईत मोहरी तडतडावी तसं. तुमी पाय दाबला की लागतंय वाजाया."

खाजाभाईनं पाय तसाच दाबून ठेवला. तिसगावहून परतीची वाट, करंजीचा घाट, वरून आग ओकणारं ऊन, आणि गाडी तिसऱ्या गिअरवर चढणीला लागलेली. अशा वेळी पाय काढायचा म्हणजे गाडीचा अपमानच की! "बांगड्या असतील तुझ्या," तो म्हणाला.

बद्रुन्निसानं दोन्ही हात पदरात गुंडाळले आणि पोटाशी घट्ट धरले. "ह्ये बघा. आता बी बांगड्याच वाजत्यात का?"

ती कर्जतकडच्या खेड्यातली. बोलणं तिकडचंच, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर खाजाभाईनंही तेच उचललेलं. सकाळपासून तिचं डोकं फिरलेलं होतं. तिसगावला बहिणीकडं जाऊन यायचं तर एस.टी.त बसून सुखानं जाऊन यावं, पण छे! या बाबाला गाडीच काढायची होती.

आता गाडीही तशीच होती म्हणा. लाल रंगाची, दोन दारांची हेराल्ड. नगरच्या कॅम्पातला एक कॅप्टन बदली होऊन जाताना विकून गेला, तेव्हा ती चारचौघींसारखी गरीब गाय होती. खाजाभाईनं तिला दुसरा कार्बोरेटर बसवला, इंजिनाचं हेड घासून घेतलं, सायलेन्सरचा पाइप मोठा केला. बोनेट उघडलं की गाडीचा अख्खा पुढचा भाग मडगार्डांसकट पुढं कलंडायचा, आणि आत ते दोन कार्बोरेटर जुळ्या भावांसारखे शेजारी शेजारी दिसायचे. गॅरेजच्या दारात ती उभी असली की पाटी लावायची गरजच नव्हती. "तुमच्या गाडीवानी पळाली पायजे," म्हणत लोक आपापल्या गाड्या घेऊन यायचे. बाईसाहेबांचे लाड म्हणाल तर बद्रुन्निसाच्या वाट्याला उभ्या जन्मात आले नसतील तेवढे! दर शुक्रवारी नमाजाहून आला की हा माणूस फडकं घेऊन तिच्याच पाया पडायचा.

आणि गाडी लावायची त्याची रीतही त्याचीच. टायमिंग, म्हणजे इंजिनात ठिणगी पडायची वेळ, लावायला बाकीचे मिस्त्री बल्ब जोडतात, पुलीवरची खूण बघतात. खाजाभाई त्यांना हसायचा. तो डिस्ट्रिब्यूटरचा नट सैल करायचा, टायमिंग थोडं पुढं ओढायचा आणि गाडी चढावर घालायचा. परत थोडं पुढं, परत चढ. असं करत करत इंजिनात बारीक तडतड सुरू झाली की समजायचं, जास्त झालं. मग केसभर मागं घ्यायचं. तिथं गाडी सगळ्यांत जास्त ओढते. ती तडतड तशीच चालू ठेवली तर मात्र पिस्टन जळतो, भोक पडतं त्याला. सगळा खेळ त्या एका आवाजावर, आणि तो आवाज खाजाभाईइतका झटकन धरणारा माणूस जिल्ह्यात नाही, असं लोक म्हणायचे. खाजाभाईला ते खोटं वाटायचं कारण नव्हतं.

त्यानं हळूच पाय उचलला. "आता?"

"थांबलं."

त्यानं पुन्हा दाबला. "आता?"

"लागलं की! केवढ्यानं वाजतंय, तुमास्नी येत न्हाई का ऐकाया?"

खाजाभाईला इंजिनाची घरघर येत होती, वारा येत होता, बायकोचा आवाज येत होता. तडतड येत नव्हती. घाट संपल्यावर त्यानं एका वाळक्या लिंबाखाली गाडी घेतली, इंजिन बंद केलं आणि तसाच स्टिअरिंग धरून बसला.

"बद्रू," तो म्हणाला, "औंदा दुष्काळानं चिमण्या गेल्या न्हवं का आपल्या छपरातल्या?"

"कुठं गेल्यात? रोज पहाटं उच्छाद मांडत्यात मेल्या. झोपू देत न्हाईत."

"मी म्हनत हुतो, पाखरं बी देश सोडून गेली."

"म्हनत हुता खरं. मला वाटलं, गमतीनं म्हनताय."

तो काही गमतीनं बोलला नव्हता. पाणी आटलं, गुरं छावणीला गेली, माणसं रस्त्याच्या कामावर गेली, तशा चिमण्याही गेल्या असतील असं त्यानं मनापासून धरलं होतं. बायका अलीकडं फार हळू बोलतात, असंही त्यानं धरलं होतं. उभा जन्म पत्रे ठोकण्यात आणि उघड्या सायलेन्सरशेजारी बसण्यात गेला, त्यात कानाचं काय झालं असेल हे मात्र त्याच्या मनात कधी आलं नाही. आवाज येईना म्हणून तो टायमिंग पुढं पुढंच ओढत राहिला होता. आपल्या गाडीचं. आणि लोकांच्याही.

हे ध्यानात आलं आणि त्याला एक गाडी आठवली. पावसाळ्यापूर्वी त्यानं नगरच्या एका डॉक्टरांची फियाट लावून दिली होती. आठवड्यात पिस्टनला भोक पडलं. डॉक्टर गरम झाले तेव्हा खाजाभाई छातीवर हात मारून म्हणाला होता, माझ्या हातात चूक नाही, पेट्रोलमध्ये रॉकेल आहे. नुसतं म्हणून थांबला नाही. डॉक्टरांना घेऊन पंपावर गेला, आणि पेट्रोल सोडणाऱ्या बन्सीला चार लोकांत चोर म्हणाला. बन्सी आईची शपथ घेत होता. पण खाजाभाईचा शब्द! मालकानं बन्सीला त्याच दिवशी काढून टाकलं. आता तो घाटाच्या वर दुष्काळी कामावर खडी फोडत होता, हे खाजाभाईला ठाऊक होतं. म्हणून तर तिथून जाताना त्याची नजर कधी उजवीकडं वळत नसे.

"या अल्ला," तो एकदम म्हणाला, "काकासाहेब!"

काकासाहेब म्हणजे देवळाली प्रवऱ्याचे ऊसवाले बागाईतदार. त्यांच्या नव्या कोऱ्या फियाटला खाजाभाईनं कालच दुसरा कार्बोरेटर बसवून दिला होता. टायमिंग कानानंच लावलेलं, आणि आवाज आला नाही म्हणून चांगलंच पुढं ओढलेलं. ती गाडी घेऊन काकासाहेब म्हातारी आई आणि बायकोला मोहट्याच्या देवीला घेऊन गेले होते. जाताना घाट उतरायचा, तेव्हा काही झालं नसतं. येताना चढायचा होता, आज, भर दुपारी, तीन माणसं घेऊन.

खाजाभाईनं बोनेट पुढं कलंडवलं, आपल्या गाडीचं टायमिंग अंदाजानं बरंच मागं घेतलं आणि गाडी वळवून पुन्हा घाट उतरला. करंजीच्या चहाच्या हॉटेलापुढं तो रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. बद्रुन्निसानं दोनदा सावलीला बोलावलं, पण तो हलला नाही. पिस्टन फुटेल ते फुटेल, पण वळणावर चढणीला गाडी बंद पडली आणि मागं घरंगळली तर? त्या म्हातारीला त्यानं काल स्वतः दार उघडून दिलं होतं.

दुपार कलायला लागली तेव्हा फियाट आली. काकासाहेबांनी हसतच काच खाली केली. "काय मिस्त्री? हितं काय करताय? लई झकास पळतीया गाडी! फकस्त तापतीया जरा."

"जरा बोनेट उघडा."

काकासाहेब उतरले. मागच्या सीटवर त्यांची आई देवीचा मळवट भरून, डोळे मिटून बसली होती. खाजाभाईनं पुलीच्या खुणेवर बोट टेकवलं, नट सैल केला आणि जे दुसऱ्यांनी केलं की तो हसायचा तेच केलं: खूण बघून टायमिंग मागं आणलं. तेवढ्यानं गाडी सुखरूप घरी जाणार होती. तेवढ्यावर काम मिटत होतं. एक नट ढिला राहिला होता म्हटलं असतं तरी कोणी पुढं विचारलं नसतं.

वर आणखी काकासाहेबच म्हणाले, "पेट्रोलचंच कायतरी आसंल, न्हवं? त्या बन्सीला हाकलला तरी त्याची जात हायेच की पंपावर. चोर साले!"

खाजाभाईचा पाना नटावरच थांबला. बद्रुन्निसा हॉटेलाच्या बाकावर बसली होती. ती त्याच्याकडं बघत राहिली. असं बघण्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"पेट्रोल चांगलं हाय," तो म्हणाला.

"मग?"

"माझा कान गेलाय, काकासाहेब. तडतड मला ऐकू येत न्हाई. म्या टायमिंग पार पुढं वढून ठिवलं हुतं. आसाच घाट चढला आसता तर पिस्टन जळला आसता तुमचा."

काकासाहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही, थोडं थोडं करत गेलं. "चेष्टा करता काय? आवो, तुमच्या कानावर तर नगर चालतं!"

"चेष्टा न्हाई."

"मंग त्या डाक्टरच्या गाडीचं?"

"ती बी म्याच जाळली."

काकासाहेबांनी एकदा मागच्या सीटवर आईकडं पाहिलं. मग स्वतःच बोनेट लावलं, आणि खाजाभाई पुढं झाला तेव्हा त्याचा हात अलगद बाजूला केला. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. गाडीत बसून, काच वर करता करता थांबले आणि म्हणाले, "परवा पुन्याला जानारच हाये. तिथंच दावतो कुनाला तरी." फियाट घाटाला लागली. खाजाभाई ती दिसेनाशी होईपर्यंत मान वर करून बघत होता.

"काय वाजतंय का तिचं?" त्यानं विचारलं.

"न्हाई. साफ हाय," बद्रुन्निसा म्हणाली. मग जवळ येऊन तिनं त्याच्या हातातला पाना घेतला आणि पदरानं पुसला. "चला. दोन घास खाऊन घ्या, मंग जाऊ घरी."

"घरी न्हाई. आदी बन्सीकडं."

घाटाच्या वर रस्त्याच्या कडेनं खडीचे ढीग लागले होते. बायाबापड्या, म्हातारे, सगळे ओळीनं बसून हातोडे मारत होते. बन्सी डोक्याला फडकं बांधून, बोटांना चिंध्या गुंडाळून बसला होता. लाल गाडी थांबलेली त्यानं पाहिली, पण मान वर केली नाही. खाजाभाई त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला. वाटेत चार वाक्यं जुळवली होती, ती पार विसरून गेला.

"बन्सी, तुझं पेट्रोल चांगलं हुतं."

आपण किती मोठ्यानं बोललो हे त्याला कळलं नाही, पण आजूबाजूचे हातोडे थांबले. सगळे बघू लागले.

"माझा कान गेलाय. माजीच चूक हुती. तू चोर न्हाईस."

बन्सीनं समोरचा दगड फिरवून नीट बसवला. "मला काय सांगता, खाजाभाई?" तो म्हणाला. "मला ठावंच हुतं की."

खाजाभाईनं लाल गाडीकडं हात केला. म्हणाला, "चल. गाडीत बस. पंपावर जाऊ. मालकाफुडं सांगतो, डाक्टरफुडं सांगतो. चार लोकांत बोललो, चार लोकांतच सांगतो."

"सांगा की. पर मला न्हाई येता येत. सांजला खडीचं माप हाय. आता उठलो तर दिस बुडतो माजा." बन्सीनं हातोडा उचलला. रागानं बोलत होता असंही नाही, आणि माफ केलं असंही नाही. "तुमी जावा. आन् माजी आई पंपामागंच ऱ्हाती. तिला बी सांगून या. तिला खरंच वाटलं हुतं."

खाजाभाईचे डोळे भरून आले. तो वळायचं सोडून तिथंच उभा राहिला. हातोडे पुन्हा सुरू झाले होते. पलीकडून मुकादम काठी आपटत येत होता, गाडी बाजूला घ्या म्हणून केव्हाचा ओरडत होता. खाजाभाईला त्यातलं काहीच कळत नव्हतं.

"आरं ए! बहिरा हायेस का रं? केव्हाचा वरडतोय!" मुकादम अगदी मागं येऊन खेकसला.

बन्सी हातातलं काम टाकून उठला आणि दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला.

"वरडू नका त्यांच्यावर, मुकादम," तो म्हणाला. "नगरचे मोठे मिस्त्री हायेत ते. ऐकू कमी येतं त्यास्नी."

तेवढं मात्र खाजाभाईला लख्ख ऐकू आलं.