उजेडात टांगलेलं इरलं

मी एक जुनं इरलं आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलेलं नसेल. ज्यांनी पाहिलं, त्यांनी बहुधा लोणावळ्याच्या प्रदर्शनात, दिव्याखाली, तोंड उघडं ठेवून पाहिलं असेल. म्हणून आधी ओळख सांगतो. लहानशी होडी उलटी करून डोक्यावर घेतली तर जशी दिसेल, तसा मी दिसतो. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पळसाची पानं. भातलावणीला वाकलेल्या माणसाची पाठ डोक्यापासून कमरेखालपर्यंत झाकायची, एवढंच माझं काम. प्रदर्शनातल्या पाटीवर माझी ओळख याच्या दसपट लांब होती, पण तिच्यात पाठ कुठेच नव्हती.

माझा जन्म आंदर मावळातल्या एका वाडीवर झाला. रखमाजी नावाच्या शेतकऱ्यानं मला आपल्या बायकोसाठी, झुंबरबाईसाठी विणलं. विणता विणता ते मला तिच्या डोक्यावर ठेवून माप बघायचे आणि "मान हलवू नगंस" म्हणून रागवायचे. "मान माजी हाय का इरल्याची?" असं ती विचारायची. माझ्यानंतर रखमाजींच्या हाताला कंप सुटला. त्यांनी दुसरं इरलं विणलं नाही, आणि पुढे ते गेले.

कामाचे दिवस आठवले की अजून अंगावर थेंब पडल्यासारखं वाटतं. वर पाऊस, खाली खाचरातलं गढूळ पाणी, त्यात इंद्रायणी भाताची रोपं एकेक करून उभी राहताहेत आणि मधे झुंबरबाईच्या पाठीवर मी. माझ्या पोटात एक वेगळाच उजेड असे. पानं ताजी असताना हिरवा, सुकत गेली की कोऱ्या चहासारखा. झुंबरबाई दिवसभर त्या उजेडात असायची, पण तिनं त्याला कधी नाव दिलं नाही. तिला रोपं लावायची होती.

नाव देणारी पुढे आली. देहूरोडच्या डेपोत नोकरी करणारे सुरज आमच्याच वाडीचे. त्यांची मुलगी तेजल शाळेतून येताना पावसात सापडली की बांधावरून ओरडायची, "मावशी, मला आत घ्या!" आणि दप्तरासकट माझ्याखाली शिरायची. एकदा ती म्हणाली, "मावशी, हितं उजेड हिरवा का हाय?"

"भाईरचा ढगानं खाल्ला. उरलासुरला हितं दडून बसलाय. सरक तिकडं, रोप तुडवशील."

लावणी संपली की मी चुलीवरच्या माळ्यावर झोपायचो. हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. इरल्याला वर्षभर धूर लागतो. धूर कामट्यांत मुरला की बांबू पोखरणारा भुंगा फिरकत नाही. पानं दरसाल नवी, पण सांगाडा तोच राहतो, तो त्या धुरामुळे. खाली भाकरी फुगायची, वर मी काळाभोर होत जायचो आणि मला ढगात निजल्यासारखं वाटायचं.

मग बाजारात प्लॅस्टिकचे कागद आले. झुंबरबाईही निळ्या कागदात लावणी करू लागली आणि दुरून झाकून ठेवलेल्या मोटारसायकलसारखी दिसू लागली. मी माळ्यावरच राहिलो. घरात गॅस आला, पण भाकरीसाठी तिनं चूल ठेवली. त्यामुळे माझं काम गेलं, तरी धूर चालू राहिला. पेन्शन म्हणा हवं तर.

तेजल पुण्याला कला शिकली. दिवे, पडदे, आवाज, असल्या गोष्टींची ती मांडणी करायची. लोणावळ्यात एका बंद पडलेल्या चिक्कीच्या कारखान्यात उजेडाचं मोठं प्रदर्शन भरणार होतं, तेव्हा ती वाडीवर आली आणि मला मागितलं.

"ने," झुंबरबाई म्हणाली. "पर लावणीच्या आत आणून दे. यंदा मला त्येच घ्यायचंय. कागदात पाठ उकडती."

कारखान्यात अजून गुळाचा वास होता. कुठे भिंतीवर पाण्याची चित्रं वाहत होती, कुठे माणूस जवळ गेला की खांब निळे होत होते. मधोमध मला तारेनं टांगलं आणि माझ्या आत दिवा सोडला. माझ्या जाळीची सावली चहूकडे पसरली आणि खालच्या माणसांच्या अंगावर पानं उमटली. मी हळूहळू फिरत होतो. स्वतःच्या पोटातला उजेड मी पहिल्यांदाच एवढ्या लांबवर पडलेला पाहिला. खोटं कशाला बोलू, डोळे असते तर भरून आले असते.

पण तिथे चूल नव्हती. भिंतीवर धूर ओळखणारी यंत्रं होती आणि तो दिसला की ती कोकलत होती. काही दिवसांतच माझ्या कामट्यांत कुरकुर सुरू झाली. भुंगा लागला होता. बांबू कुरतडला की बारीक पिवळं पीठ गळतं, तसं ते दिव्याच्या झोतातून गळू लागलं. तरंगत, लकाकत, घाई न करता.

लोक वेडे झाले. एका बाईंनी ते पीठ कपाळाला लावलं. एक गृहस्थ सलग शिंकले आणि काळ आपल्या नाकाशी बोलतो आहे असं म्हणाले. प्रदर्शन मांडणारे अमृत धावत आले.

"तेजल, ही सोनेरी धूळ! यंत्र कुठं लपवलंयस?"

तेजल माझ्याकडे बघत होती. शेतकरी वाडीतली पोर ती, तिला सगळं कळलं होतं. पण ती एवढंच म्हणाली, "यंत्र नाहीये. आपोआप होतं."

"आपोआप!" अमृतनी हा शब्द पाटीवर वाढवून घेतला.

दिवसेंदिवस गर्दी वाढली आणि मी हलका होत गेलो. परदेशातल्या एका मोठ्या प्रदर्शनाचं बोलावणं आलं. अमृत म्हणाले, "तुझं आयुष्य बदलेल. फक्त धूळ थांबता कामा नये." तेजल हसली, पण रिकाम्या दालनात ती माझ्याखाली येऊन उभी राहायची आणि केसांत पीठ साठेपर्यंत हलायची नाही.

लावणी तोंडावर आली तेव्हा सुरज एके दिवशी झुंबरबाईला घेऊन आले. नवं लुगडं नेसून ती माझ्याखाली उभी राहिली. तिच्या अंगावर पानांच्या सावल्या फिरू लागल्या.

"अगं बया, लय नटलंय की आपलं इरलं!" ती म्हणाली. तिला खरंच आवडलं होतं. "ब्येस केलंस, पोरी. आतला उजेड भाईर काढलास."

मग तिच्या तळहातावर पीठ पडलं. तिनं ते बोटानं चोळलं, वास घेतला.

"भुंगा लागलाय व्हय गं?"

"व्हय, मावशी."

"आन् तू बगत बसलीस?"

"लोक बघत होते, मावशी," तेजल हळूच म्हणाली. "थांबवलं असतं, तर सगळे निघून गेले असते."

झुंबरबाईनं तळहात लुगड्याला पुसला. "तुला दिलंय म्या, तू म्हणशील तसं. आमचं काय, कागद हाय. पर ह्यांच्या हातचं येवढंच उरलंय. परदेशात उतरशील तवा तुज्या पेटीत पीठच निघंल."

अमृत मधे पडले. "आजी, आपण तुम्हाला नवीन इरलं आणून देऊ!"

"आणा की. पर इणणारा कुटनं आणणार?"

अमृत पाटीकडे बघू लागले.

तेजलनं शिडी ओढली. दिवा काढला, तार सोडली आणि मला खाली घेतलं. ठेवायला जागा नव्हती, म्हणून तिनं मला डोक्यावर घेतलं आणि झुंबरबाईला म्हणाली, "मावशी, आत या." दोघी माझ्याखाली वाकून चालू लागल्या, आणि मित्रांनो, सगळं दालन टाळ्या वाजवू लागलं. हा प्रदर्शनाचाच भाग आहे, असं त्यांना वाटलं. काही रसिक धुक्यातून आमच्या मागे एसटी स्टँडपर्यंत आले. बस आली तेव्हाही त्यांनी टाळ्या वाजवल्या. कंडक्टरला त्या आपल्यासाठी वाटल्या, त्यामुळे त्यानं मला विनातक्रार आत घेतलं.

परदेशचं बोलावणं गेलं. अमृतनी रिकाम्या तारेखाली दिवा तसाच ठेवला. जमिनीवरच्या उरलेल्या पिठाभोवती लोक अजून गोल करून उभे राहतात, असं ऐकतो.

मी पुन्हा माळ्यावर आहे. भुंगा धुराला कंटाळून निघून गेला. सुरजनी तुटलेल्या कामट्यांना सुतळीनं आवळलं, तेजलनं नवी पानं बसवली. माझं रूप आता थोडं वाकडं आहे, पण पाठ झाकेल इतका मी उरलो आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंचं कौतुक जरूर करा. आम्हाला ते आवडतं, कुणाला नको असतं? पण कौतुक करणाऱ्याचे दोन्ही हात बहुधा टाळ्यांत गुंतलेले असतात. एखादी गोष्ट सुंदर दिसते आहे असं वाटलं, तर जरा जवळ जाऊन बघा, ती झिजते आहे म्हणून तर सुंदर दिसत नाही ना. आणि तसं असेल, तर तिला काय लागतं ते विचारा. मला धूर लागत होता. फार अवघड मागणं नव्हतं.

आज सकाळी तेजल चुलीपाशी बसली होती. छपरातल्या काचेच्या कौलातून उन्हाचा झोत आत उतरला आणि धुरात येऊन उभा राहिला. निळसर, जाड, सावकाश वळणारा. त्यात मी अर्धा बुडालो होतो. तेजल बघतच राहिली.

"मावशी, हा उजेड बघा!"

"त्यो रोज येतोय," झुंबरबाई म्हणाली. "फुंकणी घे. जाळ इझतोय."

तेजलनं फुंकणी घेतली आणि जाळ फुंकला. धूर माझ्यापर्यंत आला. उद्या लावणी आहे.