म्हाळाचं पान

"तूप खंय आसा?" काशिनाथने बायकोला विचारलं.

"आयेच्या रांधपात तूप नाय चलणा..." एवढं दुर्गेच्या तोंडून निघालं आणि त्याचा हात तिच्या तोंडावर बसला. ती पाठीमागच्या भिंतीवर आदळली. खालचा ओठ दातावर फाटला. हातातलं वाढलेलं केळीचं पान तिने सोडलं नाही, पण रक्ताचे दोन-चार थेंब पानातल्या भातावर पडले.

"पान बाटला," उंबऱ्यात उभे असलेले त्याचे चुलते दाजी म्हणाले. "दुसरा वाढूक सांग."

दुर्गेने पान खाली ठेवलं आणि पदर ओठाला लावला.

काशिनाथची आई सुभद्रा चुलीपुढे वडे तळत होती. ती वळली नाही. मारणाऱ्याकडे पाहिलं की मार वाढतो, हे तिला इतकं पाठ झालं होतं की आपली मान आजही वळली नाही हे तिच्या लक्षातसुद्धा आलं नाही. कढईतला वडा मात्र करपला.

पितृपक्षातला म्हाळ होता, सुभद्रेच्या नवऱ्याचा, भिकाजीचा. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती आणि त्याचा म्हाळ आजवर धाकटा भाऊ म्हणून दाजी आपल्या घरी घालत होते. यंदा मुंबईत गिरण्यांचा संप लांबला, काशिनाथ बायकोला घेऊन कुणकेश्वरला परत आला आणि बापाचा म्हाळ मुलाच्याच घरी व्हायला हवा असं ठरलं. म्हणजे रांधणार सुभद्रा. तिच्या चुलीवर तूप चढत नाही हे सगळ्या वाडीला माहीत होतं. दाजींना तर चांगलंच माहीत होतं. तरी त्यांनी आयत्या वेळी काशिनाथच्या कानाशी लागून विचारलं होतं, "तुपाशिवाय पान ठेवतलंस रे बापाशीक?"

भिकाजी गलबतावर तांडेल होता. समुद्रावर चार माणसं त्याचं ऐकत, तो कुणावर आवाज चढवत नसे म्हणत. चढवायचा तो सगळा घरी आणून चढवी. एकदा असाच दारू पिऊन आला आणि आज गाय मीच पिळणार म्हणून गोठ्यात बसला. गायीने लाथ मारली, तांब्या लवंडला. त्याने कोपऱ्यातली पहार उचलली. पहिला घाव गायीच्या पाठीवर, दुसरा डोक्यावर. तिसऱ्याच्या आड सुभद्रेने हात घातला. गाय उजाडेपर्यंतसुद्धा जगली नाही. वासरू आईच्या थंड सडांना ढुशा देत राहिलं. सुभद्रेचं मनगट वैदूने बांधलं, पण ते वाकडं ते वाकडंच सांधलं.

त्यानंतर दूध, दही, तूप तिच्या घरात आलं नाही. मासळीही बंद झाली. तिने देवापुढे नवस केला नव्हता की कुणाचा उपदेश ऐकला नव्हता. जीव घेऊन आणलेलं काही तिच्या हातून रांधवेचना, एवढंच. भिकाजी दाजींकडे बांगडा खाऊन यायचा आणि घरी पानात पडवळाची भाजी दिसली म्हणून तिला झोडपायचा.

मार खाल्ला की ती कुदळ घेऊन मागच्या परड्यात जायची आणि खणत बसायची. कातळाची जमीन, चार बोटं खाली गेलं की कुदळ ठणकन वाजे. तरी खणायची. खणलं म्हणून मग काहीतरी लावायची. पाठीवर वळ उठले त्या साली अळूचा वाफा झाला. दात पडला तेव्हा भेंडी. चुलीतलं लाकूड पायाला लावलं तेव्हा लाल माठ. परडं वाढत वाढत कुंपणाच्या दगडी गडग्यापर्यंत पोचलं. देवळात येणारी माणसं गडग्यावरून डोकावून म्हणत, काय हात आहे हो बाईचा! हात वाकडा होता तो कुणाला दिसत नसे. वाडीतल्यांना दिसत होता, पण त्यांना पडवळं फुकट मिळत.

आजचं सगळं पान त्या परड्यातलं होतं. ओलं खोबरं घातलेलं पडवळ, माठाची भाजी, आमसुलाचं आंबट अळू, तांबड्या भोपळ्याचं भरीत, दह्याऐवजी नारळाच्या रसात घातलेली तवशाची, मोठ्या काकडीची, कोशिंबीर. वाटाणे तेवढे बाजारचे, त्यांचं काळं सांबारं. नारळाच्या रसात तांदूळ शिजवून गूळ घातलेली खीर. सुभद्रेने नवऱ्यासाठी हे सगळं मन लावून केलं होतं. का, ते तिला सांगता आलं नसतं. मेलेल्या माणसाशी वैर धरू नये असं तिला वाटे आणि जिवंतपणीचं वैर सुटतही नव्हतं.

दुसरं पान तिने स्वतः वाढलं. भटजी केव्हाच पुढच्या घरी गेले होते. काशिनाथने परड्याच्या टोकाला गडग्यावर पान ठेवलं, पाणी फिरवलं आणि तो मागे येऊन उभा राहिला. आता कावळा शिवला की घरातली माणसं जेवणार. तोवर कुणी घास घ्यायचा नाही.

माडावर तीन कावळे बसले होते. ते पानाकडे बघत होते आणि जागचे हलत नव्हते.

सुभद्रा राहिलेले वडे तळायला आत वळली आणि तिला मागीलदारी दुर्गा दिसली. पदराने ओठ दाबून धरला होता. पाचवा महिना, सकाळपासून पोटात अन्न नाही. दुसऱ्या हातात कुदळ होती आणि ती परड्याकडे निघाली होती.

"खंय चललंस गो?" सुभद्रेने विचारलं.

"कावळो शिवासर जरा मुळ्याचो वाफो खणतंय, आये. हय उभ्यान ऱ्हवाक नाय येणा माका."

 ती त्या कुदळीकडे बघतच राहिली. लाकडी दांड्याला तिच्या स्वतःच्या मुठीची जागा पडली होती आणि दुर्गेची मूठ नेमकी तिथेच बसली होती.

"ठेव ती," ती म्हणाली.

"पण आये..."

"खाली ठेव सांगलंय ना!"

इतक्या मोठ्याने ती आयुष्यात बोलली नव्हती. दुर्गेने कुदळ भिंतीला टेकवली.

तिकडे कावळे शिवत नव्हते. दाजींनी आपल्या घरून वाटीभर तूप आणवलं आणि स्वतःच्या हाताने भातावर ओतलं. मग हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "बा भिकाजी, तुझो झील, तुझी सून, तुझो भाव हय उभे आसत. काय चुकला माकला आसात ता पदरात घे, आणि पानाक शीव."

एक कावळा उडाला. पलीकडच्या माडावर जाऊन बसला.

"बाबांनू, मी आता हयच ऱ्हवतलंय," काशिनाथ म्हणाला.  "तुमची जमीन ओसाड पडाक दिवची नाय मी."

कावळे ढिम्म. ऊन चढलं. भातावरचं तूप पातळ होऊन पानावरून ओघळायला लागलं.

दाजी वळले आणि मागीलदारी उभ्या असलेल्या सुभद्रेकडे बघून म्हणाले, "वयनी, तुका राग येतलो, पण सांगतंय. माझो भाव ह्या घरात पोटभर कधी जेवलो नाय. तू त्येका पालो खावक घातलंस. त्येचो जीव थंयच अडाकलो हा. पुढे ये, नाक घास आणि माफी माग."

"मी माफी मागू?"

"मग कोण मागतलो?"

"आये, माग ना!" काशिनाथ ओरडला. "काय जाता तुझा? बाबा उपाशी ऱ्हवले!"

"ऱ्हवांदेत," सुभद्रा म्हणाली.

काशिनाथने गडग्याजवळचा कोयता उचलला. क्षणभर दाजीही मागे सरले. पण तो आईकडे आला नाही, तो मांडवावर धावला. पहिल्याच घावात पडवळाच्या मांडवाचा खांब तुटला. हातभर लांबीची पडवळं धडाधड खाली आली. त्याने दुसरा खांब तोडला. भोपळ्याचे वेल सपासप कापले, पिकलेल्या भोपळ्यावर कोयता घातला तशा त्याच्या दोन फाका झाल्या आणि बिया मातीत सांडल्या. "ह्या परड्यापायी! ह्या पाल्यापायी!" असं ओरडत तो अळू तुडवत सुटला. लहानपणी बाप आईला मारायला लागला की तो ह्याच मांडवाखाली, पडवळांच्या सावलीत, कानांत बोटं घालून बसायचा. सुभद्रेला ते आठवलं. त्यालाही आठवत असावं, कारण तो रडत होता आणि रडत रडतच कापत होता.

"काय करतास हे! सोडा!" दुर्गा धावत गेली आणि तिने त्याचा हात धरला.

त्याने तिला हिसडा दिला. ती माठाच्या वाफ्यात गुडघ्यांवर पडली आणि तिने दोन्ही हात पोटावर घेतले. काशिनाथने कोयता उलटा केला. लाकडी मूठ तिच्या डोक्यावर आणायला त्याचा हात वर गेला.

तो खाली आला नाही. सुभद्रा चुलीवर तापत राहिलेल्या कढईतला झारा तसाच उचलून धावली होती. उकळत्या तेलाने निथळणारा तो लोखंडी झारा तिने मुलाच्या दंडावर हाणला. चर्र आवाज झाला. काशिनाथ किंचाळला, कोयता पडला. तिने दुसऱ्यांदा हाणला, खांद्यावर. तिसऱ्यांदा झारा उगारला तेव्हा तो मुलगा दोन्ही हात डोक्यावर धरून खाली बसला होता, मार खाताना ती बसे अगदी तसा.

तिला बरं वाटत होतं. हाताला, छातीला, इतक्या वर्षांत वाटलं नव्हतं इतकं बरं. भिकाजीला असंच वाटत असणार, हे तिला त्या क्षणी कळलं आणि तिला स्वतःची भीती वाटली. तिने झारा लांब फेकून दिला.

"वयनी, सख्ख्या झिलाक भाजलंस?" दाजी म्हणाले. "म्हाळाच्या दिवशी?"

"होय, भाजलंय. तुम्ही घराक जावा, भावजी. तुमचो भाव माका मारी तेवा तुम्ही खंय होतास? भिंतीपलीकडे बांगडे भाजीत होतास. माका वास येय."

दाजी तुपाची रिकामी वाटी हातात घेऊन तसेच उभे राहिले.

काशिनाथच्या दंडावर फोड टरारून आले होते.  ह्याच पोराने लहान असताना कोरफड चिरून तिच्या पाठीला लावली होती, फुंकर घालत घालत.

"कोरफड खंय आसा ता तुका ठावक आसा," ती म्हणाली. "जा, तुझी तूच लाव. आणि ऐक. पुन्हा हिच्यार हात उगारलंस, तर हिका घेवन मी आरोंद्याक हिच्या म्हायारी जातलंय. परडा घे मग, आणि घर पण घे."

काशिनाथ उठला. कोरफड गोठ्याच्या मागे होती. तो तिकडे गेला, वळून न पाहता.

सुभद्रा गडग्यापाशी गेली आणि तिने पान उचललं.

"वयनी, कावळो अजून शिवाक नाय!" दाजी ओरडले.

तिने ऐकलं नाही. मागीलदारच्या पायरीवर तिने दुर्गेला बसवलं, पान तिच्यापुढे ठेवलं आणि तांब्याभर पाणी आणलं. दुर्गा पानाकडे बघत राहिली.

"आये, ह्या मामंजींचा पान."

"परडा माझा, रांधप माझा. जेव."

दुर्गेने सांबाऱ्यात वडा बुडवला आणि तोंडाला लावला. फाटक्या ओठाला तिखट झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं. सुभद्रेने सांबारं बाजूला सारलं आणि वाकड्या हातानेच खीर पुढे केली. "आदी ही खा. गोडा झोंबाचा नाय." दुर्गा घास घेऊ लागली. दोन घास झाल्यावर तिने तिसरा सासूच्या तोंडापुढे धरला. सुभद्रेने तो खाल्ला. खिरीत गूळ जरा कमी पडला होता.

भातावर दाजींनी ओतलेलं तूप होतं. तेवढा तुपाचा भात तिने बोटांनी निपटून वेगळा काढला, पानाच्या फाटक्या तुकड्यावर घेतला आणि परत गडग्यावर नेऊन ठेवला.

मग तिने दुर्गेच्या पानात पडवळ वाढलं. दुर्गेने भूक होती तेवढं सगळं खाल्लं, पुन्हा मागून घेतलं. कुदळ भिंतीला टेकलेली होती तशीच होती. मध्येच कधीतरी सुभद्रेची नजर गडग्याकडे गेली, तेव्हा पानाचा तुकडा रिकामा होता आणि वाऱ्याने हलत होता. कावळा केव्हा शिवला, ते कुणीच पाहिलं नव्हतं.