जाड तळाचा उजवा बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. उजव्या पायाचा. जुने बूट काय, गल्लोगल्ली मिळतात. पण झिजून जुना होणे वेगळे आणि कापून घेऊन जुना होणे वेगळे. मी दुसऱ्या जातीचा आहे आणि त्याचा मला थोडा गर्व आहे, तेवढा तुम्ही पोटात घाला.

माझा जन्म पेर्म शहरात, सावेली काकांच्या कारखान्यात झाला. कारखाना कसला, दोन खोल्या होत्या, गोंदाच्या आणि चहाच्या वासाने भरलेल्या. तिथे फक्त अधू पायांसाठी बूट बनत. माझी मालकीण रिम्मा हिचा उजवा पाय जन्मापासून आखूड. म्हणून काकांनी माझ्या खाली बुचाचे थरावर थर चिकटवून चार बोटे जाड तळ बनवला. माझा डावा भाऊ मात्र साधा, चपटा. आम्हाला फळीवर शेजारी ठेवले की मी पाटावर चढून बसल्यासारखा दिसे.

रिम्मा मला न्यायला आली तेव्हा तिने मला उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाली, "सावेली काका, जरा नाजूक नसता का करता आला?"

"पोरी, विटेला नाजूक कसं करतात ते मला शिकव, मग करतो," काका म्हणाले.

ती हसली. पण मला पायात घालताना तिने एक सुस्कारा सोडला, तो माझ्या अस्तराला ऐकू आला.

रिम्मा एका कंपनीत संगणकाचे प्रोग्रॅम लिहीत असे. देशभर धावणाऱ्या मालगाड्यांचा कोणता डबा कुठे अडकला आहे, हे तिच्या प्रोग्रॅममुळे कळे. काय दिवस होते ते! हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकत. ते माझ्या कातड्याला खाई. मग रिम्मा रात्री मला ओल्या फडक्याने पुसून मेण चोळी. कचेरीत मी टेबलाखाली असे. प्रोग्रॅम चालला की मी स्वस्थ, अडला की तिच्या पायाबरोबर मी जमिनीवर ताल धरी. तिचा साहेब ग्लेब आमच्यावर विनोद करी. "रिम्मा, नोकरी सोडलीस तर हा बूट ठेवून जा. माझं टेबल डुगडुगतं." ती त्याला हाताला लागेल ते फेकून मारी. बहुतेक वेळा कडक बिस्किटे असत आणि तो ती खाऊन टाकी.

पण मित्रांनो, रिम्माच्या मनात एक इच्छा होती. आमच्याकडे घरात कोणी बूट घालून फिरत नाही. उंबऱ्याशी काढायचे आणि आत जायचे. रिम्माने मला काढले की ती एका बाजूला कलत असे. स्वयंपाकघरात चहा करतानाही तिचा एक हात कायम टेबलाला धरलेला असे. तिला उंच व्हायचे नव्हते, नाचायचे नव्हते. तिला अनवाणी, कशालाही न धरता, आपल्या चुलीसमोर उभे राहायचे होते. म्हणजे नीट पाहिले तर तिला माझ्याशिवाय उभे राहायचे होते. हे मला कळत होते. वाईट वाटत नव्हते असे कसे म्हणू?

शेवटी तिने मनाचा हिय्या केला. उरल पर्वताच्या पलीकडे, गव्हाच्या शेतांमधल्या एका शहरात, आखूड हाड लांब करणारे इस्पितळ होते. तिथे डॉक्टरीणबाईंनी तिच्या नडगीचे हाड कापले आणि पायाभोवती पोलादी कड्यांचा सांगाडा बसवला. कड्यांमधून तारा आरपार हाडात गेलेल्या. कड्यांना जोडणाऱ्या दांड्यांवर नट होते. ते नट ज्याचे त्याने पान्याने रोज अगदी थोडे फिरवायचे; एखादा फेरा राहिला तर परिचारिका फिरवत. हाडाचे दोन तुकडे केसाएवढे दूर सरकत आणि मधल्या फटीत नवे हाड भरत येई. एका वेळी नटाचा पाव फेरा, असे दिवसातून चार. त्या पाव फेऱ्याला वॉर्डात सगळ्याजणी 'चतकोर' म्हणत. "चतकोर झाला का?" हाच तिथला रामराम. पाय सुजे म्हणून माझे वरचे कातडे चिरून मला फितींनी बांधले. दिसायला मी बावळट झालो, पण कामाला आलो, कारण डॉक्टरीणबाई तिला रोज चालवत.

आता माझी गंमत ऐका. पाय वाढला की माझ्या तळाची एक चकती कापून टाकायची. पहिली चकती निघाली तेव्हा मला वाटले, संपलो. पण शेजारच्या खाटेवरच्या फायरुझा आपांनी ती उचलून खिडकीत ठेवली आणि तिच्यावर चहाचा ग्लास टेकवला. आपा बश्कीर लोकांच्या एका गावच्या, मधमाश्या पाळणाऱ्या. त्यांचा पाय पूर्वी मोडून वाकडा जुळला होता. "बघ गं रिम्मा," त्या म्हणाल्या, "तुझ्या जुन्या लंगडेपणावर आता मी चहा पिते." मग दुसऱ्या चकतीवर मधाची बरणी आली, तिसरीवर काकडीच्या लोणच्याची. माझे तुकडे सगळ्या वॉर्डाच्या उपयोगी पडू लागले आणि मी मनातून सुखावलो.

कंपनीने रिम्माला एवढी लांब रजा दिली नव्हती. ती खाटेवर संगणक मांडीवर घेऊन काम करी. रोज संध्याकाळी ग्लेबची बैठक असे. रिम्मा कानांना मोठे हेडफोन लावी, पाय स्टुलावर पसरी आणि डब्यांच्या घोळात बुडून जाई. त्याच वेळी कापितोलिना पेत्रोव्ना, आमच्या परिचारिका, ट्रे घेऊन फेरीला येत. सगळा वॉर्ड त्यांना कापा मावशी म्हणे. अंगाने थोराड, आवाज भोंग्यासारखा, आणि जीव मेणाचा.

"किती झाले गं?" मावशी विचारीत.

"तीन," रिम्मा पडद्यावरची नजर न काढता म्हणे.

मावशी मान हलवीत आणि पाना घेऊन चौथा चतकोर फिरवीत. रिम्माला वाटे, मावशी रोजच्यासारख्या तारा घट्ट आहेत का ते पाहताहेत. ती पाय तसाच राहू देई. मी स्टुलाखाली होतो, मला सगळे दिसत होते, पण कळत काही नव्हते. बूट पडलो ना.

आणि माझ्या चकत्या भराभर निघू लागल्या! ठरल्यापेक्षा लवकर. आपा म्हणाल्या, "या पोरीचं हाड म्हणजे वसंतातलं गवत." सगळ्या खूश. ग्लेबने पेर्महून केक पाठवला. फक्त रिम्मा रात्री कण्हू लागली. बोटे बधिर झाली, पावलाचा पुढचा भाग उचलेना. चालताना माझे टोक फरशीला घासू लागले.

डॉक्टरीणबाईंनी पायाचा एक्स-रे फोटो काढला आणि तो उजेडाला धरून पाहिला. फटीत हाड नव्हतेच म्हणा ना. पातळ ढगासारखे काहीतरी होते.

"एवढी घाई कुणी केली?" त्यांनी विचारले. "रोज किती फिरवतेस?"

"चारच," रिम्मा म्हणाली. "मोजून. शून्य, एक, दोन, तीन."

कापा मावशी दारात होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला. "शून्य? शून्य म्हणजे काहीच नाही ना गं?"

"आमच्या कामात पहिल्याला शून्य म्हणतात, मावशी. आम्ही मोजायला शून्यापासून लागतो."

"म्हणजे तुझा 'तीन' म्हणजे चौथा?"

"हो."

"अगं माझ्या आई!" मावशी भिंतीला टेकल्या. "आणि मी रोज तुझ्या तिनावर एक चढवत होते!"

रिम्मा भडकली. "माझ्या पायाला हात लावताना मला सांगायचं नाही?"

"विचारलं की! रोज विचारलं! तू कधी मान वर केलीस?" मावशींचा आवाज फाटला. त्या ट्रे तिथेच टाकून गेल्या आणि कोपऱ्यावरच्या परिचारिकांच्या खोलीतून त्यांच्या रडण्याचा आवाज येत राहिला. भोंग्याचे रडणेही भोंग्यासारखेच असते.

डॉक्टरीणबाईंनी निकाल दिला. नट थोडे उलटे फिरवायचे आणि थांबायचे. फटीत हाड भरले तर पुढे जायचे. नाही भरले तर आहे तिथेच लांबवणे कायमचे थांबवायचे. म्हणजे एक पाय आखूडच राहणार, पूर्वीपेक्षा कमी, पण आखूडच.

नट उलटे फिरले तसा पाय पुन्हा थोडा आखूड झाला. आता मला पुन्हा उंच करणे आले. आपांनी खिडकीतली एक चकती काढून दिली. तिच्यावर चहाच्या ग्लासाचा गोल डाग पडला होता. तीच चकती गोंद लावून माझ्या तळाला परत चिकटवली. मित्रांनो, मला कापताना दुखले नव्हते तेवढे ती चकती परत लागताना दुखले. रिम्माने मला पायात घालून पाहिले, काढून ठेवले आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

त्याच आठवड्यात ग्लेबचा फोन आला. वॉर्डात सगळ्यांना ऐकू येईल असा तो बोलत असे.

"रिम्मा, नवा प्रोग्रॅम चालू करायचाय. तू नसलीस तर सगळे डबे सायबेरियात हरवतील. जेवढं झालं तेवढं पुरे कर ना. आधीपेक्षा बरंच आहे की."

रिम्माने खाली माझ्याकडे पाहिले. मला धास्ती वाटली. कारण तिने हो म्हटले असते, तर मी आयुष्यभर तिच्या पायात राहिलो असतो. आणि खरे सांगतो, मला ते नको होते. मी तिला टेबलाला धरून चहा करताना पाहिले होते.

"ग्लेब," ती म्हणाली, "अर्धवट प्रोग्रॅम तू गिऱ्हाइकाला देशील का?"

"नाही बुवा."

"मग मला का अर्धवट घरी बोलावतोस? काम इथून करीन. पण बैठक सकाळी ठेव. संध्याकाळी मला माझ्या पायाकडे बघायचंय."

ग्लेबने थोडी कुरकुर केली, मग म्हणाला, "बरं बाई. सकाळी तर सकाळी. मी उठेन कसाबसा."

संध्याकाळी रिम्मा माझ्यासकट, कुबड्या टेकत, कोपऱ्यावरच्या खोलीत गेली. कापा मावशी पट्ट्या गुंडाळत होत्या. त्यांनी वर पाहिले नाही.

"मावशी, मोजायला शिकवा मला."

"जा गं. तू शिकलेली."

"म्हणूनच सांगते. माणसांसारखं मोजायला शिकवा."

मावशींनी नाक पुसले. "पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. संपलं. शून्य तुझ्या त्या डब्यात ठेव." मग त्यांनी तिला बसवले, चहा दिला आणि त्यात तीन चमचे मुरंबा घातला. दोघी एकमेकींना शिव्या देत, हसत, रडत बसल्या.

मग वाट पाहणे आले. रिम्मा कुट्टू नावाच्या धान्याची लापशी नाक मुरडत खाई, आपांचा मध चाटी, दुखत असूनही वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात फेऱ्या मारी. बोटांत हळूहळू जाणीव परतली. आणि एक दिवस फोटोत तो ढग दाट दिसला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चला. पण आता हळू."

तेव्हापासून रोज संध्याकाळी मावशी येऊन उभ्या राहत, रिम्मा पाना लावी, आणि दोघी मिळून मोठ्याने म्हणत, "चौथा!" तर शेजारच्या खाटेवरून आपा ओरडत, "ऐकलं गं, ऐकलं! मधमाश्यांनीसुद्धा ऐकलं!"

माझी शेवटची चकती वसंतात निघाली. मी माझ्या डाव्या भावाएवढा झालो. जन्मात प्रथमच मला फरशीचा गारवा जवळून लागला. पुढे हाड पक्के होईपर्यंत सांगाडा बरेच महिने राहिला, मग तोही गेला. निघायच्या दिवशी आमच्या रीतीप्रमाणे प्रवासाआधी सगळ्या क्षणभर गप्प बसल्या. कुणी खाटेवर, कुणी खुर्चीवर, कापा मावशी तर औषधांच्या खोक्यावरच. मग मावशी म्हणाल्या, "ऊठ आता. आणि परत आलीस तर पाहुणी म्हणून ये."

आता मी पेर्मला, रिम्माच्या घरात, उंबऱ्याजवळच्या कपाटावर असतो. माझे कातडे चिरलेले, तळ सपाट, फिती लोंबलेल्या. मला कोणी घालू शकत नाही. रिम्मा दुकानातून साधी लाल जोडी आणते, जशी कोणीही आणते. कधीकधी माझ्यावर टोपी पडते, कधी छत्री. धूळ तर असतेच. तक्रार नाही, पण कधीतरी एखादे ओले फडके फिरले तर बरे वाटेल.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी कुबडी, एखादा पट्टा, एखादा जुना चष्मा माळ्यावर पडला असेल. त्याला अडगळ म्हणण्याआधी एकदा हातात घ्या, पुसा, आणि तो निरुपयोगी कशाने झाला ते घरातल्या मोठ्यांना विचारा. आमच्यातल्या काहींचे निरुपयोगी होणे हेच आमचे काम असते. आणि दुसऱ्याच्या दुखऱ्या जागेला हात लावायचा असेल, तर आधी त्याच्याशी नीट बोला.

घरी परतलो त्या संध्याकाळचे सांगतो आणि थांबतो. रिम्माने उंबऱ्याशी आम्हा दोघांना काढले आणि आत गेली. स्वयंपाकघराचे दार उघडे होते, मला सगळे दिसत होते. ती अनवाणी चुलीसमोर उभी होती, सरळ. तिच्या एका हातात किटली होती आणि दुसऱ्या हातात मुरंब्याची बरणी. टेबलाला धरायला तिच्याकडे हातच उरला नव्हता.