पोटाखालचा काळा पत्रा

हो, मीच बोलतोय. गाडीमागे ओढत नेतात त्या फिरत्या घराच्या पोटाखाली ठोकलेला प्लॅस्टिकचा काळा पत्रा. मी रागात आहे, आधीच सांगून ठेवतो.

अमेरिकेत, इंडियानातल्या एका कारखान्यात मला कापलं आणि फरशीखाली ठोकलं. फरशी आणि माझ्यामधे पाण्याचे नळ आणि ऊब धरणारा गुलाबी कापूस. धूळ, खडे, थंडी, उंदीर, सगळं मी अडवायचं. दुकानात येणारी गिऱ्हाइकं पडदे बघत, ओव्हन उघडून बघत. वाकून खाली एकानंही पाहिलं नाही.

लाइल आणि मार्लिस टॉलफसन या म्हाताऱ्या जोडप्यानं आम्हाला घेतलं. नॉर्थ डकोटातलं घर विकून ती दोघं या घरात राहायला आली. मार्लिसनं आईच्या हातची गोधडी पलंगाखालच्या खणात जपून ठेवली. लेकीला मूल झालं की द्यायची म्हणून.

नेवाडात लाइलनं जवळचा म्हणून खडीचा रस्ता धरला.

"लाइल, परत फिरव."

"बस गं गप! जन्मभर ट्रक चालवलाय मी."

थोड्याच वेळात चाक फुटलं. टायरची सुटलेली पट्टी गरगरत आली आणि तिनं मला उभं फाडलं. लाइलनं चाक बदललं आणि मला चिकटपट्टी लावली. "प्लॅस्टिक तर आहे. खाली कोण बघतंय?"

ऊन लागताच पट्टी सुटली. कापूस लोंबायला लागला. मार्लिस प्रत्येक मुक्कामाला आठवण करून द्यायची, हा प्रत्येक मुक्कामाला "उद्या" म्हणायचा. माझ्याच भोकातून उंदीर आत शिरत होते आणि मी नुसता फडफडत होतो. तेव्हा मला हात असते ना!

हिवाळ्यात लेकीच्या बाळंतपणासाठी ती दोघं मोंटानात गेली. तिच्या अंगणात आम्ही उभे होतो. थंडीत उघडा पडलेला नळ गोठून तडकला. ऊन पडल्यावर नळातला बर्फ वितळला आणि सगळं पाणी माझ्या पोटात साचलं. मी फुगून जमिनीला टेकलो.

त्याच दिवशी बाळ घरी आलं. मार्लिसनं गोधडीसाठी खण उघडला. आत चिंध्या आणि उंदराची पिल्लं! ती रडली नाही. चिंध्या तिनं लाइलच्या मांडीवर टाकल्या.

"जुने कपडे घाल आणि खाली चल."

दोघं माझ्याखाली बर्फात उताणी झोपली. तिनं मला सुरीनं चिरलं. गार पाणी लाइलच्या छातीवर कोसळलं. तो किंचाळला.

"ओरडू नकोस. बाळ झोपलंय."

सडका कापूस त्यांनी ओरबाडून काढला. नळ बदलला. उंदरांची भोकं भांडी घासायच्या तारेच्या काथ्यानं बुजवली. सगळं वाळवून नवा कापूस भरला. मग नवा पत्रा माझ्या दोन्ही काठांवर चढवून रुंद चकत्यांचे स्क्रू पिळले.

मधेच लाइल हळूच म्हणाला, "मार्लिस, माझं चुकलं गं."

"स्क्रू दे."

आता मी धड आहे. लाइल मुक्कामाला पोचला की गुडघे टेकून खाली बघतो. बघू दे. माझा राग अजून गेलेला नाही.

तुमचंही असं घर असेल, तर आजच वाका. मला हात लावून बघा. ओला लागलो, तर चिकटपट्टी शोधू नका. मला उघडा.