सख्खा मावसभाऊ

ठमीच्या डोक्यावर तिने शांपू ओतला आणि खाली दाराची घंटा वाजली.

"दादा आला!" ठमी टबमध्येच उभी राहिली.

"बस खाली. डोळ्यात जाईल."

"पण तुझा दादा आलाय ना!"

"आला तर आला. पळून जातोय थोडाच."

पळून ती त्याला जाऊ देणारही नव्हती. गेला आठवडाभर कपडे धुताना, भाजी चिरताना, ठमीला शाळेत सोडून परत येताना तिच्या डोक्यात तेवढं एकच चाललं होतं.

खालून त्याचा आवाज आला. फुलं आणलेली दिसत होती, कारण मालकीण "कशाला एवढं?" म्हणाली आणि पाठोपाठ मावशी हसली. मावशी म्हणजे ठमीची मावशी, मालकिणीची धाकटी बहीण. आज जेवताना ती आणि तो लग्नाचं जाहीर करणार होते. घरात सगळ्यांना ते आधीच ठाऊक होतं, पण जाहीर व्हायचं आहे म्हणून सगळे शहाण्यासारखे गप्प होते. आणि मावशी ज्याच्याशी लग्न करणार होती, तो टबापाशी गुडघे टेकून ठमीला न्हाऊ घालणाऱ्या या मुलीचा मावसभाऊ. निदान या घरात तरी.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. कॉलेजपासून दोघं एकमेकांची होती. त्याला परदेशात नोकरी लागली, तेव्हा मागोमाग जायचा एकच रस्ता तिला सापडला: कुणाच्या तरी घरी राहून मूल सांभाळायचं, बदल्यात खोली, जेवण, हातखर्च आणि व्हिसा. एजन्सीने नेमकं त्याच्याच शहरातलं घर काढून दिलं. फोनवर मालकिणीने विचारलं, "इथे तुझं कुणी आहे का?" आधीची मुलगी आपल्या मित्रापायी काम अर्धवट टाकून गेली होती, हे एजन्सीने कानावर घातलंच होतं. ती एका श्वासात म्हणाली, "मावसभाऊ आहे. सख्खा." त्या रात्री दोघं पोट धरून हसली. पहिल्या दिवशी तो तिची बॅग पोचवायला आला, तिने सगळ्यांसमोर "दादा" म्हटलं आणि त्याला पाण्याचा ठसका लागला. पुढे तो शब्द घरभर झाला. ठमी दादा म्हणे, मालकीण दादा म्हणे, मालकही म्हणत.

दर रविवारी तिला सुट्टी असे. ती त्याच्या खोलीवर जाई, दोन दिवस पुरेल इतकं रांधून ठेवी, आठवड्याच्या शर्टांना इस्त्री करी. तेच शर्ट घालून तो बुधवारी मावशीला सिनेमाला नेत होता. हे तिला कळलं सोमवारी, जेव्हा मावशीने स्वयंपाकघरात तिला मिठी मारली आणि म्हणाली, "आता तू माझी नणंद!" आदल्याच दिवशी तिने त्याच्या निळ्या शर्टाची बाही शिवून दिली होती.

फोनवर तो आधी गयावया करत होता, मग एकदम शहाणा झाला.

"हे बघ, आत्ता तोंड उघडलंस तर खोटं तुझंही बाहेर येईल. काम जाईल, खोली जाईल, व्हिसा जाईल. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय."

केसाने गळा कापावा तर असा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर भल्याची भाषा.

मग तिने सुडाचे बेत रचले. शर्टांवर इस्त्री तापवून ठेवावी. पण शर्ट काय, तो नवे घेईल. फोटो दाखवावेत. तो म्हणेल, मुलगी वेडी आहे, माझ्या मागे लागली होती. आणि त्याचं गोड बोलणं ऐकून लोक मान डोलावतील. तो तोंडाने सुटत आला होता, म्हणून त्याला तोंडानेच अडकलेला बघायचं होतं तिला. तिला त्याची लाज निघालेली हवी होती, भरल्या घरात, सगळ्यांच्या देखत. त्याहून कमी काही चालणार नव्हतं.

"येऊ का?" मावशी टॉवेल घेऊन दारात उभी होती. नवा पोशाख सांभाळत ती कपड्यांच्या टोपलीवर टेकली. "खाली बायका लागल्यात माझ्यामागे. इथे बरं वाटतं."

"बसा ना."

मावशीने टॉवेलची घडी केली, मोडली, पुन्हा केली. "तुला एक विचारू? तुला म्हणूनच. त्याची आधी एक होती ना, तिकडे?"

तिने ठमीच्या कानामागचा फेस पुसला. "त्यानं सांगितलं?"

"सगळं सांगितलं. फार चिकट होती म्हणे, सोडायलाच तयार नव्हती." मावशी जरा पुढे झुकली. "आणि तूच त्याला म्हणालीस ना, की ही मुलगी आपल्या घराला शोभायची नाही, सोड तिला? तो म्हणतो, बहिणीनं माझे डोळे उघडले. मला तुझे आभारच मानायचे होते, खरं तर."

नळाखाली धरलेला मग भरून वाहायला लागला. ठमीने हात घालून पाणी उडवलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं. चोर तो चोर, वर शिरजोर! तिला सोडलं ते सोडलं, आणि साक्षीला तिलाच उभं केलं. इतका राग तिला सोमवारीही आला नव्हता. पण रागाच्या मागोमाग डोकं लख्ख झालं. ज्या बहिणीच्या शब्दाला या घरात एवढी किंमत होती, ती बहीण इथे बसलेली होती.

"हो," ती म्हणाली. "मीच म्हणाले. सोड तिला."

मावशीचे खांदे सैल झाले.

"पण ऐकेल तर तो दादा कसला!"

"म्हणजे?"

"ती आली ना इथे, त्याच्या मागोमाग. त्यानंच बोलावलं. दर रविवारी जाते त्याच्याकडे." आपला आवाज किती गोड लागतोय हे तिला ऐकू येत होतं, आणि ते तिला मनापासून आवडत होतं. "गेल्या रविवारीही गेली होती. त्याचा तो निळा शर्ट आहे ना, बारीक रेघांचा? आज घातलाय बहुतेक. त्याच्या डाव्या बाहीला आतून टाके आहेत. तिनंच घातलेत. बघा हवं तर."

मावशी बघत होती, पण तिच्याकडे.

"रविवारी तो ऑफिसला जातो."

"असं सांगतो का?"

"काय करते ती मुलगी?"

"एक मूल सांभाळते. त्याच घरात राहते."

इथे थांबता आलं असतं. शहरात अशी घरं काय कमी होती? पलीकडे तिची खोली होती, खिडकीखालचा पलंग, ठमीने भिंतीवर चिकटवलेली चित्रं. आज रात्री त्या पलंगावर झोपायला मिळेल की नाही, सांगता येत नव्हतं. त्याने नेमका याच भीतीवर हिशेब मांडला होता: ही स्वतःचं घर कधी पेटवणार नाही. कॉलेजपासून ओळखत होता तो तिला. पण बरोबर ओळखत नव्हता.

"कुणाच्या घरात?" मावशीने विचारलं.

तिने ठमीच्या कपाळावर हात आडवा धरला आणि मगभर पाणी ओतलं. फेस उतरला.

"तुमच्या बहिणीच्या."

"थंडी वाजते," ठमी म्हणाली.

मावशीने टॉवेलची घडी मांडीवर दाबून धरली.

"तू त्याला दादा म्हणतेस," ती म्हणाली.

"तुमच्यासमोर."

खालून त्याची हाक आली, "अहो मंडळी! पोटात कावळे ओरडतायत!" आणि कुणीतरी हसलं. मावशीने टॉवेल उलगडला, ठमीला त्यात गुंडाळून टबाबाहेर घेतलं आणि तिचे केस इतके जोरात पुसले की पोरगी कुरकुरली.

"हात पूस," मावशी तिच्याकडे वळून म्हणाली. "जेवायला चल."

जेवणघरात सगळे आपापल्या जागी बसले होते. मालकीण वाटीत वरण घालत होती. तो घाईने उठला आणि त्याने आपल्या शेजारची खुर्ची मावशीसाठी मागे ओढली. मावशीने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"तू बस इथे," मावशीने मागे वळून तिला म्हटलं.

ती बसली. मावशी समोर जाऊन बसली. तो उभाच होता, चेहऱ्यावर हसू तसंच, एकीकडून दुसरीकडे बघत, कुणीतरी काहीतरी सांगेल म्हणून. आजवर या टेबलावर वाढायचं काम तिचं होतं. तिने भाताचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं आणि त्याला नावाने हाक मारली, रविवारी त्याच्या खोलीत मारायची तशी.

"वाढ," ती म्हणाली.

मालकिणीच्या हातातला डाव वाटेतच थांबला.